सोनेरी रंगाचे तीन बॉम्ब

माझ्या नवऱ्याने नोकरीची सगळी वर्षं लष्कराचा दारूगोळा तपासला आणि सुट्टीच्या दिवशी मला. दारूगोळ्याने कधी तक्रार केली नाही, त्यामुळे त्यांचा असा समज झाला होता की आपली तपासायची पद्धत सगळ्यांनाच आवडते.

निवृत्त झाल्यावर हडपसरला माजी सैनिकांच्या सोसायटीत आम्ही राहायला आलो, तेव्हा घरात सामान लागायच्या आधी दारात दोन लाल बादल्या लागल्या. दोन्हीत वाळू. आत शिरल्याशिरल्या भिंतीवर एक पत्र्याचा डबा. येणाऱ्याने खिशातली काडेपेटी त्या डब्यात टाकायची आणि मग पुढे यायचं. दारूगोळ्याच्या डेपोच्या फाटकावर हीच पद्धत असते म्हणे. काडेपेटी, लायटर, विडी, खिळे ठोकलेले बूट, काहीही आत न्यायचं नाही. डेपोत आत दारूगोळ्याच्या राशी असतात, तेव्हा ते ठीक आहे. आमच्या घरात आत होते मी आणि दोन शेगड्यांचा गॅस. माझा भाऊ पहिल्यांदा आला, तेव्हा त्याची काडेपेटी जमा करून घेतली आणि निघताना परत देऊन काड्या मोजून घ्यायला सांगितलं. त्यानंतर तो आला तो विडी सोडून तंबाखू धरल्यावरच. वाळूच्या बादल्या मात्र वाया गेल्या नाहीत. सोसायटीतल्या सगळ्या मांजरांनी त्यांचा मनापासून वापर केला.

शब्दांच्या बाबतीत तर विचारूच नका. सकाळी पेपर वाचता वाचता मी म्हणाले, ‘अहो, चार गोळ्या सापडल्या म्हणे कुणाकडे,’ की चहा गार व्हायला ठेवून ते मला समजावायला बसत. नळीतून बाहेर जाते ती गोळी. पितळेच्या पुंगळीसकट अख्खी वस्तू असते तो राउंड. सापडले ते राउंड, गोळ्या नव्हेत. तोफेचा तो शेल, मॉर्टरचा, म्हणजे उखळी तोफेचा, तो बॉम्ब, हाताने फेकतात तो ग्रेनेड, आणि या तिघांत गल्लत करणारा पेपरवाला. घोडा ओढल्यावर उडालाच नाही, तर मिसफायर. ओढल्यावर गप्प बसून जरा वेळाने उडाला, तर हँगफायर, आणि तो जास्त वाईट, कारण तोवर माणूस नळीत डोकावायला गेलेला असतो. माझ्या रागाला ते हँगफायर म्हणत. दुपारचं भांडण मी संध्याकाळच्या भाजीवर काढत असे, त्यामुळे मला फारसं बोलता यायचं नाही.

या सगळ्या व्याकरणाच्या डोक्यावर त्यांचा एक नियम होता. संशय असेल तर भरलेला समजा. खात्री असेल तर पुन्हा बघा. हा नियम ते दुधाच्या पातेल्यालासुद्धा लावत.

आणि असा हा माणूस घरात एक बॉम्ब बाळगून होता. मॉर्टरचा, साधारण हातभर लांब, खाली शेपटीला पंख. नवीन पोरांना शिकवायला वापरत तसला, कवायतीचा. असल्या बॉम्बला निळा रंग देतात आणि अंगाला आरपार भोकं पाडतात, म्हणजे लांबूनच कळावं की हा पोकळ आहे, यात काही नाही. निरोप समारंभाला त्यांना तो त्यांच्या युनिटने दिला होता. इतरांना भिंतीवरची घड्याळं मिळतात. मला त्या वस्तूचं काय करावं कळेना, पण लोखंडाची आहे आणि जड आहे हे कळत होतं, म्हणून मी तिला कामाला लावलं. दसऱ्याच्या श्रीखंडासाठी दही बांधलं की त्यावर वजन हवं असतं. पाण्याने डाग पडू नयेत म्हणून मी मांजरपाटाची एक जाड खोळ शिवली आणि शेपटीच्या जरा वर नाडीने आवळून बांधली. अंग झाकलेलं, पंख बाहेर. सोसायटीत सगळ्यांत घट्ट चक्का माझ्याकडे होतो, असं सगळ्या बायका म्हणत आणि काय वापरता असं विचारत. मी सांगितल्यावर पुन्हा विचारत नसत.

पुढे त्यांना विसर पडायला लागला. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. सोलापूर रस्त्यावरून एकदा थेट स्वारगेटच्या बसस्टँडवर जाऊन बसले आणि तिथल्या कंट्रोलरला फाटकावर तपासणी नीट होत नाही म्हणून झापून आले. कंट्रोलरने चहा पाजून रिक्षात बसवून दिलं. या गोष्टीवर आम्ही दोघंही हसलो, म्हणजे मी हसले म्हणून तेही हसले. शेवटच्या वर्षात त्यांना मी कोण हे सांगता येत नव्हतं. पण मांडीवर तो बॉम्ब दिला की हात आपोआप चालू व्हायचे. डोळे मिटून, खोळीवरून बोटं फिरवत, वरून खाली एकेक भाग म्हणायचे. फ्यूज, बॉडी, टेल. एक शब्द चुकत नसे. शेवटाला आले की माझ्याकडे बघून विचारायचे, ‘समजलं?’ मी म्हणायची, ‘समजलं सर.’ मग पुन्हा पहिल्यापासून. एकदा हातातून निसटला आणि फरशीवर आपटून त्याचा एक पंख वाकला. फरशी फुटली ती फुटलीच. त्या दिवशी मी खूप रडले, कशासाठी ते मलाही सांगता यायचं नाही. ते गेल्यावर त्यांचे कपडे, बूट, पदकांची पेटी, सगळ्याकडे मी कोरड्या डोळ्यांनी बघू शकले. त्या खोळीकडे बघू शकत नव्हते. नवरा-बायको म्हणून आमचं शेवटचं बोलणं झालं ते त्या लोखंडाच्या आधाराने, आणि ते मला कुणालाही द्यायचं नव्हतं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी सोसायटीने खंडेनवमीला शस्त्रपूजा मोठ्या प्रमाणावर करायचं ठरवलं. एरवी प्रत्येक जण घरी विळी, सुरी आणि स्क्रू-ड्रायव्हर मांडून हळद-कुंकू लावत असे. पण आमचे अध्यक्ष पायदळातले निवृत्त कर्नल होते, आणि निवृत्तीनंतर त्यांच्या हाताखाली कोणी उरलं नव्हतं, ही सल सोसायटी भोगत होती. त्यांनी एका निवृत्त जनरलना पाहुणे म्हणून बोलावलं. जनरल येणार म्हटल्यावर सगळ्यांच्या अंगात जुनी सवय संचारली. लष्करात मोठा साहेब येणार असला की जे दिसेल त्याला रंग देतात. झाडांचे बुंधे झाले, गेरू आणि चुना. कुंड्या झाल्या, विटा झाल्या, पाण्याच्या टाकीची शिडी झाली. खाली पडलेला एक नारळ मी वेळेवर उचलला.

पूजेसाठी घरोघरची जुनी युद्धस्मृती आणायची अशी सूचना फळ्यावर लागली. युद्धस्मृती म्हणून पंधरा घरांतून पितळी फुलदाण्या आल्या, त्या कधीकाळी शेलच्या पुंगळ्या होत्या म्हणून. आणि आले तीन बॉम्ब. एक कर्नलसाहेबांचा. दुसरा खालच्या मजल्यावरच्या सुभेदारांचा. ते मूळचे वाघोलीचे, घरची शेती, कर्नलसाहेबांच्याच जातीचे शूर आणि तितकेच हट्टी, म्हणजे पायदळाचे. तिसरा माझा. मी देणार नव्हते. कर्नलसाहेब स्वतः मागायला आले आणि म्हणाले, वहिनी, ते असते तर पूजेत पहिला मान त्यांचा असता. या वाक्यावर बायका काय काय देऊन बसतात हे पुरुषांना बरोबर ठाऊक असतं. मी खोळीसकट दिला. खोळ काढायला हात गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये गेले तर देवीच्या फोटोपुढे तिन्ही बॉम्ब शेपटीवर उभे होते आणि लग्नातल्या समयांसारखे सोनेरी चमकत होते. तिन्ही सारख्याच मापाचे, सारखेच गुळगुळीत. समोर दोन निरांजनं, कापराची आरती तयार, आणि माझ्या डोळ्यांपुढे आमच्या भिंतीवरचा पत्र्याचा डबा. त्यांच्या पुढ्यात कुणी एवढी आग मांडली असती तर त्याला त्यांनी जन्मभर दारात उभं केलं असतं.

वाद सुरू झाला तो कोणता बॉम्ब कुणाचा यावरून. सुभेदारांच्या बायकोला पूजेनंतर आपला परत हवा होता. कर्नलसाहेब म्हणाले मधला माझा. सुभेदार म्हणाले मधला माझा. मग त्यातून हा किती मिलिमीटरचा, कोणत्या सालच्या मॉर्टरचा, याला बॉम्ब म्हणायचं की शेल, असं सगळं निघालं, आणि दोन म्हातारी माणसं निरांजनांच्या दोन्ही बाजूंना उभी राहून एकमेकांना मॉर्टर शिकवू लागली. सुभेदार ठासून म्हणाले, मी आयुष्यभर हे उडवलेत, मला नका सांगू. कर्नलसाहेब म्हणाले, उडवायला माझाच हुकूम लागायचा. कोणाचाच आवाज कमी होईना. ओळखायची खूण अगदी सोपी होती, म्हणून मीच म्हणाले की माझ्याला भोकं आहेत. दोघंही एका सुरात म्हणाले, मग, आमच्याही आहेतच की.

तिन्ही बॉम्बांकडे आम्ही तिघांनी पाहिलं. एकालाही भोक नव्हतं.

रंगारी बाहेर फाटकाला शेवटचा हात देत होता. त्याला बोलावलं. त्याने अगदी कौतुकाच्या अपेक्षेने सांगितलं की भोकं बरी दिसत नव्हती, म्हणून लांबी भरून, घासून, मग रंग मारला. कर्नलसाहेबांनी विचारलं, भोकं तिन्हीला होती ना? रंगारी विचारात पडला. तो म्हणाला, ‘कुणाचा कोणता ते ध्यानात नाही, पण दोघांना होती साहेब. एक आधीच चांगला होता.’

मी इतक्या वर्षांत माजी सैनिकांना एकमताने काही करताना पाहिलं ते त्या दिवशीच. सोसायटीची सर्वसाधारण सभा कोरमअभावी दरवेळी तहकूब होते, पण तो हॉल क्षणात रिकामा झाला. पळाले असं म्हणणार नाही. लष्करात त्याला वेगळा शब्द असतो. जाता जाता सुभेदारांनी निरांजनं तेवढी फुंकरीने विझवली, आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही राग असेल तर तो तिथेच संपला. बाहेर आल्यावर पुन्हा दोघांत जुंपली, कारण आता प्रत्येकाचा स्वतःचा बॉम्ब भोकवाला होता. सुभेदार छातीवर हात मारून म्हणाले, ‘माझा रिकामाच हाय. माझ्या बटालियनने दिलाय.’ कर्नलसाहेब म्हणाले की त्यांचा तर खुद्द ब्रिगेडियरसाहेबांनी दिला होता, आणि ब्रिगेडियर भरलेला बॉम्ब देत नसतो. भोक स्वतःच्या डोळ्यांनी कधी पाहिलं, हे दोघांपैकी कुणीच सांगत नव्हतं. ज्याच्याकडून वस्तू आली त्याची रँक पुरेशी असली की तपासायचं कशाला. बंदुकीच्या नळीत डोकावणाऱ्या शिपायाला शिक्षा करणारी ही माणसं.

पोलीस आले, दोरी बांधून गेले. आपली तब्येत बरी नसल्याचा जनरलसाहेबांचा स्वतःचाच फोन आला. दुपारी लष्कराची गाडी आली. त्यातून एक तरुण कॅप्टन उतरला, दारूगोळ्याच्याच शाखेतला, बोलण्यावरून साताऱ्याकडचा. तो एकटाच आत गेला, दारातून बराच वेळ नुसता बघत राहिला, आणि बाहेर येऊन म्हणाला की कशालाही हात लावणार नाही. असल्या वस्तू उघडून बघत बसत नाहीत. वाळूच्या पेटीत घालून मोकळ्या माळावर नेतात आणि प्रत्येकाचा वेगळा खड्डा करून उडवून देतात. तिन्ही.

मी पुढे झाले आणि त्याला सांगितलं की त्यातला एक माझ्या मिस्टरांचा आहे, ते काय काम करायचे, आणि तो मला परत हवा आहे. मी कधी कोणाजवळ काही मागितलं नव्हतं, ते आयुष्यात पहिल्यांदा मागत होते, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. त्याने नाव विचारलं. सांगितल्यावर तो एकदम ताठ उभा राहिला. त्याला शिकवणारे जे होते, त्यांना यांनी शिकवलं होतं. मग तो म्हणाला, ‘काकू, तुमचा कोणता ते ओळखता येईल? आणि भोक तुम्ही स्वतः पाहिलंय? तुम्ही खात्रीने हो म्हणालात, तर तो एक मी बाजूला घेतो आणि लांबी खरवडून बघतो.’

दारातून मला तिन्ही दिसत होते. डावीकडच्याचा एक पंख वाकला होता. तो माझा होता, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

पण भोक? हो, होतं की. निळा रंग होता, आरपार भोक होतं, मला माहीत होतं. मी डोळ्यांपुढे आणायला लागले आणि माझ्या डोळ्यांपुढे मांजरपाटाची खोळ येत राहिली. समारंभाहून आणला तेव्हा तो कागदात गुंडाळलेला होता, त्याच आठवड्यात मी कागदावरूनच खोळ चढवली, आणि त्यांनी सांगितलं होतं की हा कवायतीचा आहे, निळा असतो, भोकं असतात. त्यांनी सांगितलं म्हणजे मी पाहिलं, असा आमच्या घरात हिशोब होता. लग्न इतकं जुनं झालं की नवऱ्याने सांगितलेलं आणि आपण पाहिलेलं यात फरक करायला कोण बसतं. मी दुसऱ्यांना हसत होते, आणि माझ्याकडेही रँकच होती, जरा जवळची.

त्या पोराने हातमोजा काढला होता. खरवडायचं बोटांनी, हे त्यालाही माहीत होतं. त्याची बोटं लांब आणि स्वच्छ होती. मला रडू यायला लागलं, पण ते मी हँगफायरवर टाकलं.

‘नाही ओळखता येत,’ मी म्हणाले. ‘सगळे सारखेच दिसतात.’

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग मान हलवली, हातमोजा घातला, आणि जवानांना वाळूच्या पेट्या आणायला सांगितलं. कर्नलसाहेब मला म्हणाले, वहिनी, काही काळजी करू नका, आपले रिकामेच आहेत, हे सगळं त्या रंगाऱ्यामुळे. सुभेदारांची बायको माझा हात धरून उभी राहिली. गाडी गेली, आणि रंगाऱ्याने काढून ठेवलेली खोळ घेऊन मी घरी गेले आणि ती धुऊन वाळत घातली. दसऱ्याला यंदा श्रीखंड विकत आणलं. बरं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात कॅप्टनचा फोन आला. कागदोपत्री त्याला कळवायची गरज नव्हती, पण त्याने केला. आधी तब्येत विचारली, मग म्हणाला की दोन पोकळ निघाले, एक भरलेला होता. चांगलाच भरलेला. तिन्ही खड्डे वेगळे होते, त्यामुळे कोणता ते आम्हाला कळलं.

खिडकीतून खाली कर्नलसाहेब आणि सुभेदार दिसत होते. त्यांना अजून कळायचं होतं, आणि कळल्यावर दोघंही तो माझा ठरवणार होते, कारण मेलेला माणूस उलट बोलत नाही, हे मला माहीत होतं. त्याचंही मला काही वाटलं नाही. मला दुसरीच भीती होती. माझा माणूस आयुष्यात एकदा तरी न तपासता काही घरी घेऊन आला असेल, मांडीवर घेऊन बसला असेल, फरशीवर पाडला असेल. किंवा नसेलही.

तो म्हणाला, ‘काकू, सांगू का कोणता होता?’

‘नको.’

‘त्या दिवशी तुम्ही तुमचा ओळखला होता ना?’

‘ओळखला होता,’ मी म्हणाले. ‘म्हणूनच नको.’